राहते, राहतेय, असते

२०२० च्या जानेवारीत आम्हांस एक इंग्रजी पत्र लिहावे लागले. आम्ही म्हणजे आम्ही उभयता. दोघेही सांगलीत महाविद्यालयात मराठी शिकवणारे, दोघांचेही एम. ए. मराठीतलेच, आणि दोघांचेही इंग्रजी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पाचवीत सुरू झालेले. आमच्यापैकी एकाची धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. आईने (एकाची आई, दुसरीची सासू; घरात दोघांचीही आईच) एकदा तरी तिकडे येऊन जावे, हा तिचा कित्येक वर्षांचा आग्रह. व्हिसाच्या मुलाखतीला जाताना एक पत्र जवळ असू द्या, असे या कामातल्या एका जाणत्या गृहस्थांनी सुचवले होते. आई भारतात कोठे राहतात, कोणाकडे राहतात आणि परत कोठे येणार, एवढाच मजकूर. चार ओळींचे काम. रविवारी सकाळी चहा घेऊन बसलो आणि दुपारच्या जेवणाच्या आत पत्र तयार झाले. त्यातले दुसरे वाक्य असे होते: 'अवर मदर इज लिव्हिंग विथ अस सिन्स २०१६.'

मसुदा बहिणीकडे गेला. तो तिने वाचण्याआधी तिच्या मुलाने वाचला. भाचा तेव्हा तेरा वर्षांचा होता. मराठी समजते, बोलतोही, पण विचार इंग्रजीत करतो. रात्री फोनवर त्याने विचारले, "मामा, आजी कुठे शिफ्ट होणार आहे?"

कोठेच नाही, असे आम्ही सांगितले.

"मग इज लिव्हिंग का लिहिलंय? इज लिव्हिंग म्हणजे सध्यापुरतं. तिथेच राहत असेल तर लिव्ह्ज. आणि सिन्स घातलं तर हॅज बीन लिव्हिंग. इज लिव्हिंग सिन्स असं नसतंच."

दोन तपे भाषा शिकवण्यात घालवलेल्या दोन माणसांचे पत्र एका तेरा वर्षांच्या मुलाने असे दीड मिनिटात निकालात काढले. राग आला नाही. खरे सांगायचे तर कौतुकच वाटले, आणि थोडी लाजही वाटली. 'सिन्स'ची चूक ही निव्वळ चूक होती, तीबद्दल वाद नाही. परंतु 'लिव्ह्ज' आणि 'इज लिव्हिंग' यांतली निवड आम्ही केलीच नव्हती, हे अधिक लागले. निवड करावयाची असते हेच त्या क्षणी आमच्या गावी नव्हते. मनात 'आई आमच्याकडे राहत आहे' असे वाक्य उमटले, त्यातल्या 'आहे'चा 'इज' झाला, आणि 'इज' आला म्हणजे मागोमाग 'इंग' येणारच.

पाचवीतल्या फळ्यावरचा तो तक्ता मराठी शाळेत शिकलेल्या कोणासही आठवत असेल. डावीकडे मी जातो, उजवीकडे आय गो. डावीकडे मी जात आहे, उजवीकडे आय ॲम गोइंग. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेपासून पिढ्यान्‌पिढ्या याच वाटेने इंग्रजीत शिरल्या, आणि ही वाट वाईट होती असे म्हणण्याचा कृतघ्नपणा आम्ही करणार नाही. मात्र त्या तक्त्याने एक भ्रम पेरला. दोन्ही भाषांत दोन-दोन खण आहेत आणि ते समोरासमोर आहेत, हा तो भ्रम. प्रत्यक्षात खण दोहोंकडे आहेत; ते समोरासमोर मात्र नाहीत.

साध्या बोलण्याकडे कान दिला तरी हे कळते. स्वयंपाकघरातून हाक येते. आपण खुर्चीतून तसूभरही न हलता उत्तर देतो, 'आलो!' रूप चक्क भूतकाळाचे आणि माणूस अजून वर्तमानपत्रात. इंग्रज मूल याच ठिकाणी 'कमिंग!' म्हणून ओरडते. निघताना आपण 'चाललो' म्हणतो, पुन्हा भूतकाळ. 'जातो' म्हणणे अशुभ म्हणून 'येतो' म्हणून निघतो, आणि नवशिका भाषांतरकार तिथे हमखास फसतो. उलट 'तो बसला आहे' हे आपल्या दृष्टीने पूर्ण वर्तमान. इंग्रजी डोळ्याला मात्र तिथे चालू क्रिया दिसते: ही इज सिटिंग. आपल्याकडे 'बसतो आहे' म्हणजे गुडघे वाकवून खुर्चीकडे चाललेला माणूस. 'बाळ झोपले आहे' याचे 'द बेबी हॅज स्लेप्ट' असे भाषांतर आम्ही विद्यार्थ्यांच्या वह्यांत किती वेळा पाहिले असेल त्याची गणती नाही. मुले तक्त्याशी इमान राखतात आणि गुण गमावतात.

परंपरागत मराठी व्याकरणाने क्रियापदाच्या रूपांना काळाची नावे देण्याआधी प्रत्ययांवरून नावे दिली, ताख्यात, लाख्यात, ई-आख्यात अशी. विद्यार्थिदशेत आम्हांस हा वैयाकरणांचा कोरडेपणा वाटे. आता वाटते की त्यामागे सावधपणा होता. 'आलो' हे लाख्यात आहे, एवढेच रूपावरून ठामपणे सांगता येते; ते कोणत्या काळातले आहे, हे खुर्चीतल्या माणसाकडे पाहून ठरवावे लागते. मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध झाले. आज ते चाळले तर सर्वांत मोठा आनंद हाच मिळतो की हा माणूस रूप आणि अर्थ यांची गल्लत होऊ देत नाही. असो, हे विषयांतर झाले.

भाच्याच्या प्रश्नाने आम्हांस आमच्या एका विद्यार्थ्याची आठवण झाली. बी. ए.ला मराठी घेतलेला, उत्तम वाचन असलेला मुलगा. एका खाजगी कंपनीच्या मुलाखतीत 'स्वतःविषयी सांगा' म्हणताच त्याने पाठ करून गेल्याप्रमाणे सुरुवात केली: 'आय ॲम बिलाँगिंग टु अ फार्मर फॅमिली. आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स.' समोरच्या तिघांपैकी एक हसला. फार नाही, ओठांच्या कोपऱ्यात. मुलगा उरलेली मुलाखत मराठीतही नीट देऊ शकला नाही. पुढच्या दोन मुलाखतींना तो गेलाच नाही. मग एक दिवस आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, त्यात हसण्यासारखं काय होतं तेवढं सांगा. मॅडम, तुम्ही तरी सांगा."

इंग्रजी विभागाकडे न जाता तो मराठीच्या अध्यापकांकडे आला, यामागचे कारण आम्ही विचारले नाही. नियम सांगणे सोपे होते. इंग्रजी भाषा क्रियापदांची दोन कुळे मानते. धावणे, लिहिणे, शिजणे अशी घडणारी. आणि असणे, जाणणे, मालकीचे असणे, आवडणे अशी नुसती असणारी. पहिल्या कुळाला 'इंग' लागतो, दुसऱ्याला सहसा लागत नाही. कारण जे घडतच नाही ते घडत आहे असे कसे म्हणावे? झेनो व्हेंडलर या तत्त्वज्ञाने १९५७ साली एका निबंधात याहून बारीक, चार वर्ग पाडले. भाषाशास्त्राचे विद्यार्थी अजून तेथूनच आरंभ करतात. मुलाने हे सारे वहीत उतरून घेतले. परंतु त्याचा प्रश्न नियमाचा नव्हता, हसण्याचा होता.

तेव्हा आम्ही त्याला उलटा रस्ता दाखवला. म्हटले, तुझ्या भाषेत बघ. तुझ्या भाषेत 'मला दोन बहिणी आहेत', 'मी शेतकरी घरातला आहे'. वाक्यावाक्याला 'आहे' हजर. इंग्रजीत तिथे 'हॅव' आहे, 'बिलाँग' आहे, आणि 'आहे'ला जागाच नाही. तुझ्या मनातल्या 'आहे'ने 'ॲम'चा वेष घेतला. हा आमचा आपला तर्क, पण त्याच्या चेहऱ्यावरून त्याला तो पटलेला दिसला. दुसरे असे, की इंग्रजी ज्याला नुसते असणे म्हणते त्यालाही मराठी घडते करू शकते. 'मला वाटतं' आणि 'मला वाटतंय', 'आठवतं' आणि 'आठवतंय', 'दिसतं' आणि 'दिसतंय' ही दोन-दोन रूपे आपण दिवसभर वापरतो आणि कधी चुकत नाही. 'मला कळतं' म्हणजे मला अक्कल आहे, मला शिकवू नका. 'मला कळतंय' म्हणजे तुम्ही आत्ता जे सांगता ते माझ्यापर्यंत पोचते आहे. 'आय ॲम अंडरस्टँडिंग' म्हणणारा मराठी माणूस या दुसऱ्या अर्थासाठी धडपडत असतो, आणि त्याच्या भाषेत असलेली ही सोय समोरच्या भाषेत त्या जागी नाही, हे त्याला ठाऊक नसते.

"कळतंय, सर," तो म्हणाला, आणि आपण काय म्हणालो हे लक्षात येऊन हसला. त्या दिवशीचे आमचे सर्वांत यशस्वी अध्यापन ते.

पण ओठांच्या कोपऱ्यातल्या हसण्याविषयी आम्हांस हात झटकता येत नाहीत. फार वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात इंग्रजीच्या मुलांनी निस्सीम इझिकेल यांची 'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.' ही कविता सादर केली होती. परदेशी निघालेल्या सहकारी बाईंना निरोप देणारे एक भाषण, एवढाच तिचा घाट. आणि त्या भाषणातले जवळजवळ प्रत्येक क्रियापद 'इंग'ने संपणारे. सभागृह खदखदून हसले, आम्हीही हसलो. इझिकेल (१९२४–२००४) मुंबईचे, बेने इस्रायली. इंदिरा संतांच्या कविता वृंदा नाबर यांच्यासमवेत इंग्रजीत नेणारे. मराठी त्यांना परकी नव्हती. त्या कवितेत तुच्छता आहे, असा आरोप अधूनमधून होतो. तो आम्हांस एकांगी वाटतो. वक्त्याचा भाबडा चांगुलपणा त्यात शाबूत आहे, किंबहुना व्याकरण जितके घसरते तितका तो चांगुलपणा उघडा पडतो. मात्र हेही खरे, की सगळे हसू एका प्रत्ययावर उभे आहे. तो प्रत्यय काढून घेतला तर ते भाषण कोणत्याही कचेरीतले सरळ, किंचित कंटाळवाणे भाषण होईल. आम्ही हसलो तेव्हा त्या वक्त्याला हसलो की 'आपण तसे बोलत नाही' या समजुतीने सुखावलो? 'इज लिव्हिंग सिन्स' लिहिल्यानंतर त्या हसण्याचे काय करावे ते कळत नाही.

आणि ज्या नियमाच्या जोरावर हे हसणे चालते तो नियम तरी कधीचा? 'हॅम्लेट'मध्ये पोलोनियस राजपुत्राला काय वाचता म्हणून विचारतो तेव्हा तो साधाच वर्तमानकाळ वापरतो. आजच्या इंग्रजी वर्गात त्याचे वाक्य लाल शाईने दुरुस्त होईल. घर बांधले जात आहे, यासाठी 'द हाऊस इज बिल्डिंग' हे एके काळी सभ्य इंग्रजी होते. 'इज बीइंग बिल्ट' हे रूप अठराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागले तेव्हा आणि पुढे एकोणिसाव्या शतकभर त्याला ओबडधोबड म्हणून नाके मुरडणारे विद्वान होते. आज ते रूप शाळेत शिकवले जाते आणि जुने रूप कोणाला आठवतही नाही. २००३ साली मॅकडॉनल्ड्सने 'आय ॲम लव्हिंग इट' जगभर झळकवले. 'लव्ह'ला 'इंग' लावू नये असे शिकवणारे मास्तर त्याच पाटीखाली बर्गर खाताना आम्ही पाहिले आहेत. मोठ्या कंपनीने मोडला की त्या नियमाला लवचिकता म्हणतात. शेतकऱ्याच्या मुलाने मोडला की चूक.

एवढे सगळे मनात येऊनही पत्र पत्रच होते. व्हिसा देणाऱ्या अधिकाऱ्याला या बाई परत येतील की नाही हे पाहावयाचे असते. 'सध्यापुरत्या राहत आहेत' असे सांगणारे वाक्य त्याच्यापुढे ठेवणे म्हणजे पायावर धोंडा. आम्ही 'इज लिव्हिंग' खोडून 'लिव्ह्ज' केले. वाक्य कसे निश्चिंत दिसू लागले. घराचा पत्ता, दोघांच्या सह्या. मग रीतीप्रमाणे आईला वाचून दाखवले आणि मराठीत अर्थ सांगितला: "आई आमच्याकडे सांगलीला राहते, असं लिहिलंय."

आई पोळपाट धूत होती. मान वर न करता म्हणाली, "राहते कुठे मी? राहतेय म्हणा. घर आहे माझं."

आम्ही एकमेकांकडे पाहिले.

वडील २०१५ साली गेले. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी आई त्यानंतर एक पावसाळा एकटी राहिली. २०१६ मध्ये ती सांगलीला आली ती 'चार महिने' म्हणून. चाराचे चाळीस झाले. आम्ही तिच्यासाठी कपाटाचे दोन खण रिकामे केले होते. एकात औषधे होती आणि दुसरा रिकामाच. कपडे ती पलंगाखालच्या बॅगेतून काढी आणि धुऊन वाळले की घडी करून पुन्हा बॅगेतच ठेवी. सवय असेल, असे आम्ही समजत होतो. तिचे रेशनकार्ड गावचे, मतदारयादीत नाव गावचे. घरपट्टीची पावती दर वर्षी ती स्वतः मागून घेई आणि देव्हाऱ्यातल्या डब्यात ठेवी. गावाकडे फोन झाला की पहिला प्रश्न तुळशीला पाणी घालता ना, हा. या सगळ्या गोष्टी आमच्या डोळ्यांदेखत चार वर्षे घडत होत्या आणि त्यांचा काळ कोणता, हे आम्हांस वाचता आले नव्हते. आमचे चुकीचे इंग्रजी वाक्य तिच्या बाजूने अगदी अचूक होते. भाच्याने केलेली दुरुस्ती व्याकरणदृष्ट्या निर्दोष आणि तिच्या लेखी खोटी.

हे आम्हांस लागले, ते का लागले हेही लिहून टाकतो. एकाला वाटले, मुलाचे घर ते आपले घर नव्हे काय? दुसरीला वाटले, आपले काही कमी पडले. त्या रात्री दोघांनीही ते बोलून दाखवले नाही. 'राहतेय'मधला तो 'य' म्हणजे 'आहे'चे झिजून उरलेले टोक. एवढ्याशा टोकाने एका घरात तीन माणसांची झोप घालवावी! (तिसरे माणूस शांत झोपले होते, हे सकाळी कळले.)

आमच्यापैकी एकीने बी. ए.ला संस्कृत घेतले होते. तिने दुसऱ्या दिवशी महाभाष्य काढले. संस्कृतात हा पेच रूपाच्या पातळीवर नाहीच. 'गच्छति' म्हणजे जातो आणि जात आहे, दोन्ही. पण म्हणून प्रश्न सुटत नाही, आणि पतंजलींनी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात तो नेमका उभा केला आहे. सुरू झालेली आणि अजून न थांबलेली क्रिया वर्तमानकाळाने सांगावी काय? उदाहरणे तीन: येथे शिकणे, येथे राहणे, आणि येथे पुष्यमित्रासाठी यज्ञ चालवणे. तिसऱ्या उदाहरणावरून पतंजलींचा काळ ठरवण्यात विद्वानांनी आयुष्ये वेचली, त्यामुळे मधल्या उदाहरणाकडे कोणी फारसे पाहत नाही. शंका अशी, की शिकणारा काही अखंड शिकत नसतो. मध्ये जेवतो, झोपतो. मग त्या वेळी 'शिकतो' कसे म्हणावे? उत्तर मोठे मजेदार आहे. देवदत्त जेवतो, या वर्तमानकाळाबद्दल तर कोणालाच शंका नाही ना? पण जेवता जेवता तोही हसतो, बोलतो, मध्येच पाणी पितो. म्हणून काय तो जेवत नाही? मध्ये खंड पडला तरी क्रिया थांबलेली नसते.

हे आम्ही आईला सांगितले नाही. सांगितले असते तर तिने पतंजलींना आपल्या बाजूचे साक्षीदार म्हणून उभे केले असते. कारण खंड कोणता आणि क्रिया कोणती, हे कोण ठरवणार? आमच्या हिशेबी सांगलीतले राहणे ही क्रिया आणि गावच्या वाऱ्या हे मधले पाणी पिणे. तिच्या हिशेबी गावचे राहणे १९६४ साली लग्नाने सुरू झाले ते अजून न थांबलेले, आणि आमच्याकडची सगळी वर्षे म्हणजे देवदत्ताचा एक लांबलेला घोट.

शिवाय क्रियापद 'राहणे'! इंग्रजी 'लिव्ह'मध्ये जगणे आहे. आपल्या 'राहणे'त उरणे आहे आणि थांबणेही आहे. 'पाऊस राहिला' म्हणजे थांबला. 'काम राहिले' म्हणजे झाले नाही. 'मी एकटी राहिले' म्हणजे बाकीचे गेले. आणि दुसऱ्या क्रियापदाला जोडले की हेच 'राहणे' न थांबण्याचे होते: करत राहणे, बोलत राहणे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला तेव्हा सांगलीत रात्रंदिवस एकच प्रश्न होता, 'आयर्विनला किती?' आयर्विन पुलापाशी पातळी सत्तावन्न फुटांच्या वर गेली. फोनवर कोणी 'पाणी वाढतं' म्हणत नव्हते, 'वाढतंय का?' आणि तीन-चार दिवसांनी 'उतरतंय का?' एवढीच दोन वाक्ये शहरात उरली होती. आम्ही वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे सामान हलवत होतो. आई खिडकीपाशी बसून म्हणाली, "आमच्याकडे पाणी येतं आणि जातं. तुमच्याकडे येतच राहतं." 'तुमच्याकडे' हा शब्द तेव्हाही तिथे होता. आम्ही ऐकला नाही, सामान हलवत होतो.

मुलाखत २०२० च्या एप्रिलमधली मिळाली होती. मार्चमध्ये सगळेच बंद झाले. वकिलातीतल्या मुलाखतीही थांबल्या आणि 'लिव्ह्ज'वाले पत्र फाइलीत पडून राहिले. टाळेबंदीत आणि नंतरही दीड-दोन वर्षे आईला गावी जाता आले नाही. या काळात तिच्या बोलण्यातले 'राहतेय' हळूहळू कमी झाले, असे आम्हांस वाटले. कपाटाच्या दुसऱ्या खणात एक दिवस दोन लुगडी दिसली. आम्ही त्याविषयी चकार शब्द काढला नाही. मनातून मात्र खूष झालो, आणि आता तो आनंद थोडा लबाड वाटतो.

२०२२ च्या गणपतीत तिला घेऊन अणुस्कुरा घाटाने गावी गेलो. घर उघडले. दाराशी वाळवीने खाल्लेली एक फळी, बाकी सगळे धड. ओसरीवर बसल्याबसल्या पलीकडच्या वाडीतली एक वयस्क बाई आली. दोघींनी आधी एकमेकींचे गुडघे विचारले, मग गेलेल्यांची नावे झाली. मग तिने विचारले, "काकी, हल्ली कुठे असता तुम्ही?"

आई म्हणाली, "असते सांगलीला, मुलाकडे."

ना 'राहते', ना 'राहतेय'. वास्तविक हे रूप आम्ही वर्षानुवर्षे रीतिवर्तमान म्हणून शिकवत आलो: मी जात असतो, ती येत असते. पण नुसते 'असते', पाठीशी दुसरे क्रियापद नसलेले, आम्ही कधी फळ्यावर घेतले नव्हते. मराठी माणसाला पत्ता विचारावयाचा तर तो खरे म्हणजे असेच विचारतो. 'कुठे राहता' हा प्रश्न घराचा. 'कुठे असता' हा माणसाचा. 'असते' म्हणणारीने घर कोणते हे सांगितलेले नसते आणि ते सोडल्याचेही कबूल केलेले नसते. बहुतेक वेळा शोधाल तर तिथे सापडेन, एवढेच ती सांगते. आईने ओसरीवर बसून हे एका श्वासात सांगितले आणि लगेच शेंगदाण्याच्या भावाकडे वळली.

रात्री भाच्याला फोनवर विचारले, या 'असते'चे इंग्रजी सांग. तो आता हायस्कुलात जाण्याच्या वयाचा झाला होता. बराच वेळ विचार करून म्हणाला, "शी इज युझुअली इन सांगली." मग स्वतःच म्हणाला, "नाही, हे ट्रॅव्हलिंग सेल्समनसारखं वाटतं." आणखी दोन प्रयत्न केले आणि म्हणाला, "मामी, हे चीटिंग आहे. तुमच्याकडे एक्स्ट्रा टेन्स आहे."

आता आईने ऐंशी ओलांडली आहे. बहिणीने पुन्हा व्हिसाचे काढले आहे आणि जुने पत्र नव्या तारखेने हवे आहे. गेल्या रविवारी आम्ही ती फाइल उघडली. पत्ता तोच, सह्या त्याच लागतील, वय तेवढे बदलावयाचे. दुसऱ्या वाक्यापाशी आलो तेव्हा एकाने 'हॅज बीन लिव्हिंग' सुचवले. निदान त्यात चालू असल्याचा भाव आहे, म्हणजे आईचेही राहील आणि अधिकाऱ्यालाही खटकणार नाही. दुसरीने विचारले, आईचे राहील, की आपल्याला बरे वाटेल? त्यावर थोडा वाद झाला. आवाज ऐकून आई आतून बाहेर आली आणि गावच्या घराचे वीजबिल भरले का, असे विचारू लागली.